टर्कीच्या खिम्याबद्दल, मित्रास

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. डॉक्टरांनी काकांचं लाल मांस कमी करायला सांगितलं, म्हणून तू टर्कीचा, म्हणजे त्या कोंबडीसारख्या मोठ्या पक्ष्याचा, खिमा आणायला लागलास, आणि काका तो ताटात नुसता इकडून तिकडे सरकवतात, हे वाचून वाईट वाटलं. दिवसभर काम करून यायचं, ओट्यापाशी उभं राहायचं आणि केलेलं कुणी आवडीने खायचं नाही, याने कुणीही हिरमुसेल. तरी टर्की सोडू नकोस. ती बेचव नसते. तिच्यात चरबी कमी असते, त्यामुळे कोरडी लवकर पडते, आणि शिजताना पाणी सोडते, त्यामुळे नीट परतली जात नाही. या दोन गोष्टी सांभाळल्यास की बाकीचा स्वयंपाक फार सोपा आहे.

पहिल्यांदा पाकिटावरचा आकडा बघ. 85, 93 किंवा 99 टक्के असं काहीतरी लिहिलेलं असतं. उरलेली टक्केवारी चरबीची. 99 टक्केवाला खिमा म्हणजे कातडी काढलेली नुसती छाती. 93 मध्ये मांडीचं गडद मांसही मिसळलेलं असतं. तू लिहिलंयस की तव्यात चरबी अजिबात सुटत नाही, त्यावरून तू 99 वालाच आणत असणार. रोजच्या जेवणाला मी 93 घेईन. त्याच्या 100 ग्रॅम कच्च्या खिम्यात सात-आठ ग्रॅम चरबी असते, आणि मऊपणा व चव दोन्ही तिथूनच येतात. मात्र नुसतं ‘टर्की’ लिहिलंय म्हणून हलकं, असं धरून चालू नकोस. 85 टक्के टर्कीत 93 टक्के बीफच्या खिम्याहून जास्त चरबी असते. काकांना किती चालेल, हे डॉक्टरांना आकड्यासकट विचार.

आता परतण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळं इथेच ठरतं. पाणी 100 अंश सेल्सिअसला उकळतं, आणि मांसावर खरपूस तपकिरी रंग चढायला साधारण 140 अंशांच्या पुढे जावं लागतं. खोलगट भांड्यात अख्खं पाकीट एकदम उपडं केलंस तर सुटलेलं पाणी तळाशी साचतं आणि खिमा त्यातच शिजतो: राखाडी, रबरासारखा. म्हणून सगळ्यात पसरट पॅन घे, तो चांगला तापू दे, चमचाभर तेल घाल आणि 500 ग्रॅम खिमा दोन खेपांत टाक. उलथन्याने दाबून पातळ थर कर आणि तीन-चार मिनिटं त्याला हात लावू नकोस. हलवत राहायचा मोह होतो, तेवढा आवर. आधी खदखद ऐकू येईल. पाणी आटत आलं की आवाज बदलतो, चरचर सुरू होते. त्यानंतर मिनिटभराने एक कड उचलून बघ. खालची बाजू बदामी झाली असेल तर उलट आणि मगच फोड. प्रत्येक कण तांबूस व्हायची गरज नाही, एक बाजू रंगली की पुरे.

खिमा फारच कमी चरबीचा असेल तर आणखी एक युक्ती आहे. पाव चमचा खायचा सोडा चमचाभर पाण्यात विरघळवून 500 ग्रॅम खिम्याला हलक्या हाताने लाव आणि पंधरा मिनिटं ठेव. त्याने मांस शिजताना पाणी कमी सोडतं आणि रंगही लवकर धरतं. सोडा मोजूनच घाल, जास्त झाला तर चव बिघडते. मोकळा खिमा करताना मीठ परतून झाल्यावर घाल. कच्च्या मांसात मीठ घालून खूप मळलं की ते चिकट आणि घट्ट होतं.

खिमा ताटलीत काढला की त्याच पॅनमध्ये कांदा आणि लसूण टाक. तळाला जे तपकिरी चिकटलेलं असतं ते अर्धी वाटी पाणी घालून खरवडून घे. सगळी चव त्यात असते, ती बेसिनमध्ये जाऊ देऊ नकोस. मग टोमॅटो पेस्ट दोन चमचे, थोडा सोया सॉस आणि बारीक चिरलेले मशरूम. टर्कीच्या मांसाला स्वतःचा जोर कमी, आणि या तिन्ही गोष्टी नेमकी तीच उणीव भरून काढतात. मशरूममुळे ओलावाही टिकतो. काकांचं मीठ कमी करायचं असेल तर सोया सॉस घातल्यावर वेगळं मीठ घालायच्या आधी चव बघ.

सुट्टीच्या दिवशी असा किलोभर खिमा एकदम करून ठेव, आठवड्यातल्या तीन रात्री निघून जातात. एके दिवशी त्यात टोमॅटो आणि पास्ता उकळलेलं थोडं पाणी घालून पास्त्यावर. एके दिवशी आलं, पाती कांदा आणि लिंबू घालून गरम भातावर, शेजारी परतलेली कोबी. उरलेल्याचं राजमा, गाजर, जिरेपूड आणि तिखट घालून दाट सूप. अर्ध्या तासाच्या आत होणारं काम आहे. ढोबळी मिरचीत भरूनही छान लागतो, पण मिरच्या आधी अर्धवट शिजवून घे. नाहीतर आतला खिमा सुकतो आणि बाहेरची मिरची कचकचीत राहते.

काकांना चावायला त्रास होतो असं लिहिलंस, तेव्हा त्यांच्यासाठी खरं म्हणजे गोळेच कर. ब्रेडच्या दोन स्लाइसचे तुकडे करून चार-पाच चमचे दुधात भिजव आणि लगदा कर. त्यात किसलेला कांदा, लसूण, मिरपूड, मीठ आणि एक अंडं घालून फेटून घे, मग शेवटी 500 ग्रॅम खिमा घाल. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण खिमा शेवटी घातला की फार कालवावं लागत नाही. मिश्रण हाताला चिकटतं, म्हणून तळवे ओले करून लिंबाएवढे गोळे वळ. तेलात सगळीकडून हलकेच रंगव आणि उकळत्या टोमॅटोच्या रश्श्यात सोडून झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं ठेव. ब्रेड आणि दूध मांसाला घट्ट होऊ देत नाहीत, आणि रश्श्यात शिजल्यामुळे गोळे बाहेरून कडक होत नाहीत. चमच्याने सहज तुटतात. टर्कीच्या बर्गरच्या पॅटीबद्दल मात्र मला उत्साह नाही. त्यात कोरडेपणा लपवायला जागाच नसते.

आता एका बाबतीत तुझी सवय बदलायला सांगणार आहे. रंग बघून ‘शिजलं’ ठरवू नकोस. टर्की पूर्ण शिजूनही गुलाबी दिसू शकते आणि कच्ची असतानाही पांढरी पडू शकते. स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर घे. गोळ्याच्या मध्यभागी 74 अंश दाखवले की उतरव. खिम्यात पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळले गेलेले असतात, म्हणून अर्धकच्चं अजिबात चालत नाही, आणि काकांच्या वयात पोट बिघडणं अंगावर येतं. याचा दुसरा फायदा असा की 74 ला थांबलास तर ‘आणखी पाच मिनिटं असू दे’ करत ते वाळवणार नाहीस. कच्चं मांस धुऊही नकोस. धुतल्याने जंतू जात नाहीत, उलट बेसिनभर आणि शेजारच्या भांड्यांवर उडतात.

साठवायचं सोपं आहे. कच्चा खिमा फ्रीजमध्ये एक-दोन दिवस, शिजवलेला तीन-चार दिवस. त्यापुढे फ्रीजर. पिशवीत घालून लाटण्याने सपाट पसरवलास तर तो पटकन गोठतो आणि रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवला की सकाळी सुटा झालेला असतो. ओट्यावर ठेवून वितळवू नकोस. घाई असेल तर बंद पिशवी थंड पाण्यात ठेव आणि अर्ध्या अर्ध्या तासाने पाणी बदल. गोळे मात्र रश्श्यासकट गोठव, नुसते गोठवले तर गरम करताना कोरडे होतात.

या आठवड्यात गोळे कर आणि काका काय म्हणतात ते लिही. पाकिटावर कोणता आकडा निघाला तेही कळव. 99 च असेल तर दुधाचं आणि तेलाचं प्रमाण थोडं वाढवावं लागेल, ते मी पुढच्या पत्रात लिहून पाठवतो. काकांना माझा नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र