तारीख बघितल्याशिवाय टाकी भरू नये: पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

मुंबईत सीएनजी पंपावर रिक्षाच्या सिलिंडरची हायड्रो टेस्टची, म्हणजे तो दाब सोसतो का हे बघणाऱ्या चाचणीची, मुदत उलटलेली दिसली, की गॅस मिळत नाही. रिक्षावाला कितीही विनवण्या करो, पंपावरचा माणूस पाटीवरची तारीख बघतो आणि रिक्षा बाजूला घ्यायला लावतो. त्या सिलिंडरमध्ये साधारण 200 बार दाबाने गॅस भरतात. मालवण, तारकर्ली, देवबागला स्कूबा डायव्हिंग करताना पाण्याखाली श्वास घ्यायला पर्यटकांना ज्या टाकीतून हवा देतात, तिच्यातही दाब तेवढाच. कायदाही दोन्हींना एकच, 2016 चे गॅस सिलिंडर नियम. तरीही आमच्या किनाऱ्यावर टाकी हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरला लावण्याआधी तिच्या खांद्यावर कोरलेली तारीख बघितली जाते का, हे तपासायला कोणी येत नाही. ज्याला काळजी आहे तो बघतो. बाकीच्यांचे रामभरोसे.

मी याच किनाऱ्यावर डायव्हिंग शिकवतो. माझे म्हणणे एवढेच, की टाकीची जबाबदारी भरणाऱ्यावर टाका. मुदतीतली टेस्ट नसेल तर टाकी भरायची नाही, मग ती स्वतःची असो, शेजाऱ्याची असो किंवा गिऱ्हाइकाने आणलेली असो.

हायड्रो टेस्टमध्ये टाकीत पाणी भरून तिला कामाच्या दाबाच्या निदान दीडपट दाब देतात. दाब काढल्यावर ती मूळ आकाराला येते की थोडी फुगलेलीच राहते, हे मोजतात. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ही टेस्ट दर पाच वर्षांनी होते. पण पाच वर्षे हा खाऱ्या हवेत मोठा काळ आहे, म्हणून मधल्या काळात टाकी आतून बघावी लागते. व्हॉल्व्ह काढायचा, आत बारीक दिवा सोडायचा आणि आरशाने मानेचे आटे न्याहाळायचे. टाकी पार रिकामी होऊन व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर खारे पाणी आत शिरते. मग ॲल्युमिनियमच्या टाकीच्या तळाशी पांढरी भुकटी जमते, ती खरवडली की खाली खड्डे दिसतात. पोलादी टाकीला आतून गंज चढतो आणि तो गंज हवेतला ऑक्सिजनही खातो. बाहेरून मात्र टाकी नव्या रंगात चकचकीत दिसते. 6351 या मिश्रधातूच्या जुन्या ॲल्युमिनियम टाक्यांना मानेपाशी तडे जातात, हे लक्षात आल्यावर अमेरिकेने त्यांच्यासाठी पाच वर्षांच्या टेस्टबरोबर एडी करंट तपासणीही (विद्युत प्रवाहाच्या मदतीने धातूतले तडे शोधणारी) सक्तीची केली. अशी जुनी टाकी एका हातातून दुसऱ्या हातात विकली जाऊन कुठे पोहोचेल, सांगता येत नाही.

अमेरिकेतली एक गोष्ट मला विशेष वाटते. दरवर्षी टाकी आतून बघण्याची सक्ती तिथल्या सरकारने केलेली नाही. ती शिस्त डायव्हिंगच्या धंद्याने स्वतः लावून घेतली. वर्षाच्या आतला स्टिकर टाकीवर नसेल, तर दुकानदार हवा भरून देत नाही. आपल्याकडे धंदा भराभर वाढला आणि ही शिस्त मागेच राहिली. ती आता शासनाने लावायला हवी.

यात सर्वांत जास्त धोका कोणाला आहे, तेही सांगतो. टाकी फुटली तर ती बहुतेक वेळा भरताना फुटते. त्या वेळी शेजारी उभा असतो तो टाक्या भरणारा पोरगा, गावातलाच, रोजावर आलेला. त्याला व्हॉल्व्ह उघडायला शिकवलेले असते. तारीख वाचायला कोणी शिकवलेले नसते.

दुसरा धोका हवेचाच. कॉम्प्रेसर डिझेलवर किंवा पेट्रोलवर चालत असेल, तर हवा ओढणारा पाइप त्याच्या धुरापासून लांब, वाऱ्याच्या बाजूला ठेवावा लागतो. सकाळी मतलई वाऱ्यात बरोबर बसवलेला पाइप दुपारी समुद्रावरचा वारा सुटला की नेमका धुराच्या तोंडी येतो. आत गेलेल्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. युरोपीय मानकात श्वसनाच्या हवेतले त्याचे प्रमाण दहा लाखात पाच भागांपेक्षा जास्त चालत नाही. दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, तसा त्याचा जोरही वाढतो. टाकी पाठीवर असो की बोटीत ठेवून लांब नळीने हवा दिलेली असो, यातून सुटका नाही. पहिल्यांदाच पाण्यात उतरलेल्या पर्यटकाला डोके दुखले, तर तो म्हणणार, बोट लागली.

महोदय, सिलिंडर हा केंद्राचा विषय आहे, असे आपले अधिकारी सांगतील, आणि ते बरोबरही आहे. टेस्ट करणाऱ्या केंद्रांना मान्यता पेसो, म्हणजे केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनाच देते. पण व्यवसायाची नोंदणी आपल्या हातात आहे. 2021 च्या साहसी पर्यटन धोरणात पाण्यातले उपक्रम आहेत आणि नोंदणीची अटही आहे. त्या नोंदणीच्या अर्जात प्रत्येक टाकीचा क्रमांक, शेवटच्या टेस्टची तारीख आणि वर्षभरात ती आतून कोणी बघितली त्याची सही, एवढे रकाने घाला. हवेचा तपासणी अहवाल दर तीन महिन्यांनी मागवा. भरण्याच्या जागी वही ठेवायला लावा. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. टाकी तपासायचे आणि भरायचे शिक्षण तिथे सुरू करता येईल, अगदी दहावी झालेल्या पोरांनाही. निवतीच्या समुद्रात आयएनएस गुलदार ही निवृत्त युद्धनौका तळाशी ठेवून तिथे डायव्हिंग पर्यटन सुरू करण्याचा प्रकल्प शासनाने हाती घेतला आहे. तो पूर्ण झाला की इथल्या टाक्यांवरचा भार वाढणारच.

छोट्या व्यावसायिकाची अडचणही मला ठाऊक आहे. टेस्टला टाक्या बाहेरगावी पाठवायच्या म्हणजे टेम्पोचे भाडे, टेस्टची फी, आणि ऐन हंगामात टाक्या हातातून जाणार. म्हणून नुसता नियम जारी करून मोकळे होऊ नका, नाहीतर कागदोपत्री टेस्ट सुरू होतील. मेअखेर बोटी वर ओढून शाकारल्या की पावसाळाभर टाक्याही पडून असतात. त्या काळात मान्यताप्राप्त टेस्ट केंद्राचे शिबिर मालवणात घ्या आणि पहिल्या वर्षी फीमध्ये सवलत द्या. पेसोचे मुख्यालय नागपुरात आहे, त्यांच्याशी बोलणे आपल्या खात्याला अवघड नाही. येत्या जूनमध्ये शिबिर ठरले, तर जागा आणि टाक्या उतरवायला माणसे आम्ही देऊ.

आपला,
मालवणमधील एक स्कूबा प्रशिक्षक