श्रीकांताच्या गाण्यातलं शेवटचं कडवं

पुणे,
भाद्रपद वद्य पंचमी

प्रिय मंजू,

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. आंतरदेशीय पत्राच्या कडेकडेनंसुद्धा लिहिणारी तू, अकरा मिनिटांत थांबलीस याचंच नवल. उत्तर मात्र मी लिहूनच देणार. असल्या विषयावर बोलायला लागले की मी चिडते आणि मग मुद्दा राहतो बाजूला.

तर तुमच्या मंडळाचा भोंडला शाळेच्या जिममध्ये, पाटावर प्रिंट काढलेला हत्ती, आणि मुलींना वाटायला गाण्यांचे कागद. त्यासाठी तुला माझ्याकडून 'श्रीकांता कमलाकांता' हवंय, पण शेवटचं कडवं बदलून. तुझ्या लेकीनं विचारलं म्हणे, त्यानं तिला जाळलं तर सगळ्या टाळ्या का वाजवतात? आणि तू तिला सांगितलंस, गंमत आहे गं ती, जुनी गाणी अशीच असतात. मंजू, चौदा वर्षांच्या मुलीनं इतका सरळ प्रश्न विचारला आणि आपण पन्नाशीला टेकलेल्या बायका 'गंमत' म्हणून मोकळ्या झालो. मीही हेच म्हणाले असते, म्हणून लागलं.

सांगलीच्या वाड्यात हे गाणं आपण किती वर्षं म्हटलं? हादग्याचे सोळा दिवस, पहिल्या दिवशी एक गाणं आणि शेवटच्या दिवशी सोळा. (तुम्ही सगळ्या आता भोंडला म्हणता. म्हणा. माझ्या तोंडी हादगाच येणार.) म्हणजे वर्षातून दहा-बारा वेळा तरी. एकदाही मनात आलं नाही की आपण काय म्हणतोय. लक्ष सगळं खिरापतीच्या डब्याकडे. डबा हलवून 'खोबऱ्याची वडी!' ओरडायची घाई.

आता या आठवड्यात मी ते गाणं पहिल्यांदा वाचलं. गायलं नाही, वाचलं. तुलाही तसं करायला सांगेन. चाल काढून घेतली की ही गाणी एकदम थंड पडतात, आणि मग दिसायला लागतात.

पहिली गोष्ट. हादग्याच्या बाकी गाण्यांत माणसांची केवढी गर्दी! सासू, सासरा, दीर, जाऊ, नणंद. शिंक्यातलं लोणी कोणी खाल्लं यावरून नणंद-भावजयांची जुंपते, सुनेला माहेरी जायचं तर परवानगीसाठी घरभर हिंडावं लागतं. या गाण्यात मात्र कोणीच नाही. सासू नाही, भांडायला नणंदसुद्धा नाही. तो आणि ती, आणि तिनं केलेले पदार्थ. तिनं करंज्या केल्या, त्यानं होड्या म्हणून पाण्यात सोडल्या. लाडू केले, ते चेंडू. शेवया केल्या तर अळ्या म्हणून फेकून दिल्या. तुमच्याकडे श्रीखंडाचं क्रीम म्हणून तोंडाला फासणं आलंय, ते नंतर कोणीतरी घातलेलं, पण बसतं बरोबर. करंज्या करायला किती वेळ लागतो ते तुला माहीत आहे. सारण, पीठ भिजवणं, कातणं, तळणं. एकटीनं केल्या तर अख्खी दुपार जाते. आणि मग 'तिकडून आला वेडा'.

दुसरी गोष्ट मला रात्री पडल्या पडल्या सुचली आणि उठून बसले. ध्रुवपदात ती 'माझ्या नशिबी' म्हणते. देवाला हाक मारून स्वतःचं गाऱ्हाणं सांगते. आणि कडवं सुरू झालं की तीच स्वतःला म्हणते 'वेड्याची बायको'. सगळ्या गाण्यात तिला नाव नाही. आणि हाक कोणाला मारलीय बघ: श्रीकांत, कमलाकांत. दोन्हींचा अर्थ लक्ष्मीचा नवरा. म्हणजे जगातल्या सगळ्यात बऱ्या नांदत्या जोडप्यातल्या पुरुषाला ही विचारतेय, माझ्याच वाट्याला असं कसं आलं बाबा.

तिसरी गोष्ट 'निरखून पाहिले'. प्रत्येक कडव्यात तो निरखून बघतो, आणि बघून चुकतो. माझी सगळी मांडणी या एका शब्दावर उभी होती. मी म्हटलं, हे गाणं वेडाचं नाहीच. घरातला माणूस आपल्याकडे डोळे भरून बघतो आणि त्याला आपण दिसत नाही, त्याचं हे गाणं आहे. करंजीत होडी दिसली, लाडवात चेंडू दिसला, आणि शेवटी दमून पलंगावर झोपलेली बायको दिसली तेव्हा त्याला प्रेत दिसलं. 'मेली मेली म्हणून' जाळून टाकली. ते कडवं काढलंस तर बाकीची कडवी नुसती चुटक्यांची माळ होते. आधीच्या प्रत्येक कडव्यात तिचं काम वाया जातं, शेवटी ती जाते.

या मांडणीवर मी बेहद्द खूश होते. तिचं पुढे काय झालं ते सांगते, पण आधी तुझ्या दुसऱ्या मुद्द्याचा समाचार.

तू म्हणालीस, 'अरडी गं बाई परडी' तर रोमँटिक आहे ना? सगळ्यांना परत पाठवते आणि शेवटी नवऱ्याबरोबर जाते. खरं आहे, जाते. पण तू शेवटचं कडवं धरून बसलीस. आधीची मोज. सासरा पाटल्या घेऊन दारात येतो: घेत नाही, जात नाही, चारी दरवाजे लावा, झिपरं कुत्रं सोडा. मग सासू, मग दीर, मग जाऊ, मग नणंद. दागिने घरोघर बदलतात, 'जात नाही' बदलत नाही. आपण ते किती जोरात म्हणायचो! 'झिपरं कुत्रं सोडा गं बाई' म्हणताना तर पाय आपटायचो. आणि मंगळसूत्राचं कडवं? ते आलं की गाणं संपलं. मजा सगळी नकारात होती, होकार फक्त फेर थांबवायला. जिच्यासाठी गाणं झालं ती आठ-दहा वर्षांची पोर. तिला खऱ्या आयुष्यात एकदाही 'जात नाही' म्हणायला मिळायचं नाही, हादग्यात मिळायचं ओळीनं पाच वेळा.

आणि आमच्या घरचं 'यादवराया' आठवतंय? रुसलेल्या राणीला सगळे समजावून दमतात. शेवटी नवरा येतो, देऊ काय करतो, तर लाल चाबूक. आणि ती म्हणते, हवाच मजसी. उठून मुकाट घरी. यावर आपण खिदळायचो, मंजू. तुझ्या रोमँटिक यादीत हेही घालणार का?

खऱ्या आयुष्यात दरवाजे लावून बसलेली एक बाई मात्र होती. रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न लावलं, ती नांदायला गेलीच नाही. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीच राहिली, शिकली. नवऱ्यानं, दादाजी भिकाजीनं, १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला, बायको नांदायला पाठवा म्हणून. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूनं निकाल दिला: न कळत्या वयात लावून दिलेल्या, कधीच संसार न झालेल्या लग्नात मी तिला जबरदस्तीनं पाठवणार नाही. त्यावर अपील झालं, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला, नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंग चालेल. टिळकांची वृत्तपत्रं तिच्यावर तुटून पडली होती. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. ती लंडनला जाऊन डॉक्टर झाली, आणि परत येऊन सुरत-राजकोटकडे आयुष्यभर बायकांचे दवाखाने चालवले. म्हणजे कोर्टानं कुत्रं बांधायला सांगितलं, तरी हिनं दार उघडलं नाही. तिच्या गाण्याला मंगळसूत्राचं कडवं नाही.

'नांदणे' हा शब्द बघ जरा. देव नांदतो, सुख नांदतं, आणि सून नांदायला जाते. पुरुष कुठे नांदायला जात नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ आहे, त्याखाली अजूनही 'नांदायला या' म्हणून कोर्टात जाता येतं. नवऱ्यालाही, बायकोलाही. आमच्या ऑफिसातल्या एका मुलीला तशी नोटीस आली तेव्हा ती डबा खाताना मला विचारत होती, याचं उत्तर इंग्रजीत द्यायचं की मराठीत.

कारल्याच्या वेलाच्या गाण्याचा (कारल्याची भाजी खाऊन होईपर्यंत सासू सुनेला माहेरी सोडत नाही, ते) तर मी प्रयोग करून पाहिलाय, हसू नकोस. बाल्कनीत कुंडीत बी लावलं आणि तारीख लिहून ठेवली. पहिलं कारलं हातात यायला सत्तावन्न दिवस. बी पेर, कोंब येऊ दे, वेल वाढू दे, कारलं लागू दे, भाजी कर, खा, उष्टी काढ. सासूनं पोरीच्या हातात दोन महिन्यांचं घड्याळच दिलंय आणि तेही कडू. आषाढात बी टाकलं तर भाद्रपदात भाजी, मग वेणी-फणी, मग माहेर. म्हणजे ती बरोबर हादग्याला पोचते आणि फेरात उभी राहून हेच गाणं म्हणते! हे मला फारच आवडलं. खरंखोटं त्या सासूला ठाऊक.

आता आत्या.

माझी थोरली आत्या तुला आठवते, चष्म्याला दोरा बांधलेली. हादग्याला ती सगळ्यांत पुढे असायची, पण 'श्रीकांता' सुरू झालं की खिरापत बघायला आत जायची. आपल्याला वाटायचं, काय छान, आता डबा येणार. १९६२ साली अठराव्या वर्षी तिचं लग्न झालं. मुलाचा स्वभाव जरा तापट आहे, लग्न झालं की निवळेल, एवढंच सांगितलं होतं. तापट म्हणजे काय ते तिला तिसऱ्या दिवशी कळलं. नवरा दिवस दिवस कोपऱ्यात बसून राहायचा, मग अचानक रात्री उठून घरातली भांडी विहिरीत टाकायचा. डॉक्टरकडे कोणी नेलं नाही, नेलं असतं तर बभ्रा झाला असता. कायद्यात असं लग्न मोडायची सोय १९५५ मध्येच झाली होती, पण आमच्या वाड्यात ती कोणाला माहीत? अकरा वर्षांनी ती एक ट्रंक घेऊन परत आली आणि माळ्याखालच्या खोलीत राहिली. तिच्याबद्दल वाईट कोणी बोललं नाही. बोललंच नाही कोणी. सणाला सवाष्ण म्हणून बोलवायचं की नाही यावर तेवढी कुजबुज.

मी तिला एकदाच विचारलं, ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची असताना. घाबरत घाबरत म्हटलं, आत्या, तू ते गाणं का म्हणायची नाहीस? मला वाटलं रडेल, नाहीतर उठून जाईल. ती शेंगा सोलत होती. म्हणाली, तुम्ही चुकीचं म्हणायचात.

चुकीचं म्हणजे?

"निरखून पाहिलं म्हणायचात. ते कुठे निरखून बघायचे? दारातून डोकावायचे नि जायचे. डोकावून म्हण."

आणि शेंगा सोलायला लागली. 'डोकावून पाहिले' असाही पाठ आहे, मंजू. मी नंतर कितीतरी जणींच्या तोंडून ऐकला. तेव्हा मात्र मला वाटलं, हे तिनं एकटीनं बसवलंय, अकरा वर्षांत.

हे सगळं मी विसरले होते. परवा माझी 'निरखून'ची मांडणी रंगात आली आणि एकदम त्या शेंगा आठवल्या. झालं, सगळं कोसळलं. आता वाटतं, निरखून बघणारा नवरा चुकीचं का होईना, बघत तरी होता. तिच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. आणि त्या माणसाचं काय? त्यालाही कोणी विचारलं नव्हतंच की, लग्न करायचंय का. चौघांनी धरून बोहल्यावर उभा केला आणि निवळेल म्हणाले. त्याच्या बाजूनं गाणं कोणी केलं नाही. वेडा तो गाण्यापुरता. आत्या कधी त्यांना वेडा म्हणाली नाही, शेवटपर्यंत 'ते'.

तेव्हा शेवटचं कडवं मी बदलून देत नाही. तू पाठवलेलं 'परी परी म्हणून त्याने आकाशी सोडिले' वाचलं, यमक जमलंय, पण नको. सोबत हातानं लिहिलेल्या कागदाचा फोटो जोडतेय. शेवटचं कडवं आहे तसं आहे. पाठ मात्र 'डोकावून'चा. तुमच्या बायका सवयीनं 'निरखून' म्हणतील, म्हणू देत. आणि लेकीला सांग, तिचा प्रश्न बरोबर होता, मावशीकडे उत्तर नाही. एवढंच तिच्या लक्षात आणून दे की जाळल्यानंतरही ध्रुवपद एकदा येतं, 'माझ्या नशिबी आलं'. ती तर गेली, मग हे म्हणतंय कोण? फेरातल्या सगळ्या जणी. ती काय म्हणते ते मला कळव. तिनं स्वतः लिहिलं तर आणखी चांगलं, मराठीत चुका झाल्या तरी चालतील.

खिरापतीला करंज्या नको करूस. तिथे बेसिन जवळ असणार, आणि तुमच्यातलं कोणीतरी सोडून बघितल्याशिवाय राहायचं नाही.

तुझी,
वैजू