कोंबडीखत आलंय, पण कुंडीत घालायची घाई नको

परसबाग गटातल्या सर्वांना नमस्कार.

रविवारी सकाळी ८ ते १० कोंबडीखताचं वाटप आहे. रिकामं पोतं आपापलं आणा.

खत ताजं आहे, भाताच्या तुसात मिसळलेलं. ते तसंच झाडाला घालू नका. त्यात नत्र भरपूर, त्याचा अमोनिया होतो आणि मुळं जळतात. गेल्या वर्षी मी हौसेने दोन मुठी वांग्याच्या बुडाशी टाकल्या; चौथ्या दिवशी पानांच्या कडा विडीचा चटका दिल्यासारख्या तपकिरी!

एक घमेलं खताला दोन-तीन घमेली वाळका पाला मिसळून किमान ३ फूट उंच ढीग लावा. छोटा ढीग तापतच नाही, म्हणून गच्चीवाल्यांनी तिघाचौघांत मिळून खाली एकच करावा. ओलावा इतकाच, की मूठ दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये. तीन-चार दिवसांनी आत लोखंडी सळई खुपसा. काढल्यावर हातात धरवली नाही तर काम चालू आहे समजा. ५५ ते ६० अंशांची ही धगच रोगजंतू मारते. आठवड्याला एकदा ढीग पालथा करा, बाहेरचं आत जायला हवं. वास नाकात झोंबला तर पाला वाढवा. चुना अजिबात नको, त्याने नत्रच उडून जातं. पावसात ताडपत्री.

साधारण तीन महिन्यांनी मातीचा वास आला की वापरा. कोथिंबीर, मुळा कच्चे खाता ना, मग तिथे अर्धवट कुजलेलं तर मुळीच नको.

हातमोजे विसरू नका.