आर्गनच्या सिलिंडरचे बिल तेवढे काढा, मंत्रिमहोदय!

मा. विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातला निवृत्त विज्ञान शिक्षक. हिरा, ग्रॅफाइट, फुलरीन ही कार्बनची अपरूपे फळ्यावर काढण्यात हयात गेली. मुलगी पुण्यात ग्राफीनवर पीएच.डी. करते. ग्राफीन म्हणजे ग्रॅफाइटचा एकाच अणूइतका जाड पापुद्रा, हे आपणांस ठाऊक असेलच. भाषणांत हल्ली हा शब्द वरचेवर येतो.

काल रात्री तिचा फोन आला. प्रयोगशाळेतली भट्टी बंद आहे. बिघाड काही नाही. आर्गन वायूचा सिलिंडर संपला आणि मागचे बिल थकले म्हणून पुरवठादार नवा देत नाही. तांब्याच्या पातळ पत्र्यावर हजार अंशांच्या आसपास मिथेन सोडला की ग्राफीनचा थर चढतो. मधे हवा शिरली की तांबे काळे पडते, महिन्याची मेहनत मातीत; ती हवा बाहेर ठेवायलाच आर्गन लागतो. 'बिल पुढच्या आठवड्यात' हे आश्वासन गणपतीपासून चालू आहे.

त्याआधी भट्टीच्या नळीचे रामायण झाले. मागवली क्वार्ट्झची. सर्वांत कमी दराच्या निविदेवाल्याने पाठवली बोरोसिलिकेट काचेची, जी 800 अंशांच्या पुढे मऊ पडते. खरेदी समितीने पावती फाडली, फाईल बंद. नळी आता कपाटात आहे, फुले ठेवायला बरी.

पीएच.डी. करणाऱ्यांची फेलोशिप, म्हणजे विद्यावेतन, जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये झाली, ही बातमी मी कापून ठेवली आहे. वाढ झाली याबद्दल आभार. दिवाळीपासून हातात काहीच आलेले नाही, याबद्दल कोणाचे आभार मानू? विचारले तर उत्तर, 'उपयोगिता प्रमाणपत्र (आधीचे अनुदान कसे खर्चले याचा दाखला) वर गेलेले नाही.' ते ज्या टेबलावर अडले आहे तिथल्या साहेबांचा पगार मात्र एक तारखेला होतो. खोलीचे भाडे, मेस, सगळे माझ्या पेन्शनीतून. मोतीबिंदूचे ऑपरेशन पुढे ढकलले आहे, म्हणून अक्षर वाकडे आहे. शेजारी विचारतात, ''अजून शिकतेच का हो पोरगी?'' तिची आई हल्ली पाहुण्यांकडे जायचेच टाळते. पाण्यातले शिसे ओळखणारा सेन्सर बनवतेय म्हणून सांगितले, तर म्हणाले, ''मग नोकरी कधी?''

मँचेस्टरमध्ये 2004 साली गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे सोलून ग्राफीन वेगळे केले आणि 2010 साली नोबेल नेले. आपल्याकडे त्या चिकटपट्टीलाच तीन कोटेशने लागली असती. 2015 मध्ये 'क्यू-कार्बन' हे कार्बनचे आणखी एक रूप जाहीर केले जगदीश नारायण यांनी. शिकले कानपूर आयआयटीत, शोध लावला नॉर्थ कॅरोलायनात. लेसरच्या झटक्याने कार्बन वितळवून क्षणात गोठवायचा, तोही साध्या हवेच्या दाबाखाली. आपण काय केले? 'भारतीय वंशाचे' म्हणून टाळ्या वाजवल्या.

युरोपने 2013 मध्ये ग्राफीनसाठी दहा वर्षांना शंभर कोटी युरो काढले. आपले केरळातले ग्राफीन केंद्र सुमारे 86 कोटी रुपयांचे. युरोचा भाव लावून गुणाकार आपणच करा. संशोधनावर आपला खर्च जीडीपीच्या 0.64 टक्के, चीनचा दोनच्या वर. 50,000 कोटींच्या संशोधन प्रतिष्ठानाची घोषणा झाली, त्यात सरकारचे 14,000 कोटी, बाकीचे उद्योगपती देणार म्हणे. देतील, देतील! आणि 2022 च्या जुलैत वैज्ञानिक उपकरणांवरचा जीएसटी 5 चा 18 टक्के कोणी केला? एका हाताने अनुदान, दुसऱ्या हाताने कर. कोळसा उगाळावा तितका काळाच.

बॅटरी, टायर, पाणी शुद्ध करणारी गाळणी, सगळीकडे ग्राफीन येणार हे मलाही कळते. येईल तेव्हा आयात करू आणि त्याचेही उद्घाटन करू.

मागणे एवढेच: सिलिंडरचे बिल काढा, फेलोशिपची थकबाकी द्या, आणि नळी विकत घेताना ती भट्टीत टिकेल का, हे वापरणाऱ्याला विचारायचा नियम करा. 'आपले पत्र पुढील कार्यवाहीस्तव पाठविले आहे' हे छापील उत्तर नको, तसली माझ्याकडे भरपूर आहेत.

मुलीचे आणि संस्थेचे नाव मुद्दाम लिहिलेले नाही. प्रबंध अजून जमा व्हायचा आहे आणि सह्या तिथल्याच लोकांच्या लागतात. चौकशी लावायचीच झाली तर ती कोणाच्या वडिलांनी पत्र लिहिले याची लावू नका.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक