चौकशी फक्त दत्तक घेणाऱ्याचीच का?

महोदय,

कुत्रे दत्तक देणाऱ्या संस्था फार अटी घालतात, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. दोन वर्षांपूर्वी मीही ती करीत होतो. एका निवारा केंद्रातून कुत्री आणायचे ठरवले, तेव्हा माझ्यापुढे चार पानी अर्ज ठेवण्यात आला. घर स्वतःचे की भाड्याचे, कुत्री दिवसातून किती तास एकटी राहील, बदली झाली तर तिचे काय, असे एकामागून एक प्रश्न होते. पुढच्या रविवारी संस्थेची कार्यकर्ती घरी आली, चहा नको म्हणाली आणि थेट गॅलरीत जाऊन गजांमधील अंतर मुठीने मोजू लागली. मुलगी द्यायची असती तरी एवढी चौकशी झाली नसती, असे मी तेव्हा पत्नीला म्हणालो होतो.

त्याच सुमारास आमच्या इमारतीतील एका तरुणाने मोबाईलवरील जाहिरात पाहून हस्कीचे पिल्लू घेतले. व्यवहार महामार्गालगतच्या पेट्रोल पंपावर झाला. मोटारीच्या डिकीतून बुटांचा खोका निघाला, त्यात पिल्लू. पैसे फोनवरून गेले आणि पावतीचा विषयही निघाला नाही. पिल्लू पन्नास दिवसांचे असल्याचे सांगितले होते, पण डॉक्टरांनी त्याचा ओठ वर करून दात पाहिले आणि ते जेमतेम महिन्याचे असावे असे म्हटले. सहाव्या दिवशी पार्व्हो या विषाणूजन्य आजाराने ते गेले. तोवर विकणाऱ्याचा फोन बंद झाला होता.

याबाबत नियम नाहीत असे नाही. केंद्र सरकारने 2017 मध्ये श्वानपैदास व विक्रीचे नियम लागू केले. त्यांनुसार पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिची वीण घेता येत नाही आणि पुढेही वर्षाला एक व आयुष्यात पाच, याहून अधिक वेते घेण्यास मनाई आहे. खोक्यातून पिल्लू देणाऱ्याला यांपैकी एकही गोष्ट ठाऊक असण्याची गरज पडली नाही, कारण त्याला कोणी विचारतच नाही, घेणाराही नाही.

मी आणलेली कुत्री लॅब्रेडॉर आहे. डॉक्टरांच्या अंदाजाने तेव्हा तिचे वय सहा होते. सड लोंबलेले, कोपरांना घट्टे पडलेले. पिल्ले देणे थांबल्यावर कोणीतरी तिला कालव्याच्या कडेला सोडून दिले असावे. पाळीव प्राण्याला असे टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 11 व्या कलमाखाली गुन्हा आहे आणि पहिल्या वेळी त्याला दंड आहे 10 ते 50 रुपये. नो पार्किंगमधून उचललेली दुचाकी एवढ्यात सुटत नाही. त्या चार पानी अर्जातील प्रश्न कोठून आले असतील, हे मला ही कुत्री घरी आल्यावर उमगले.

तरीही काही संस्थांचा भाडेकरूंना, एकट्या राहणाऱ्यांना किंवा साठी उलटलेल्यांना सरसकट नकार देण्याचा हट्ट मला पटत नाही. घरमालकाचे पत्र मागावे, नसबंदीचे हमीपत्र तर घ्यावेच. पण निवृत्त माणसाला दंगेखोर पिल्लू झेपणार नसेल, तर सात-आठ वर्षांची शांत कुत्री सुचवता येते. नकारच द्यायचा असेल, तर निदान कारण सांगावे.

सर्वोच्च न्यायालयाच्या 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशानुसार रस्त्यावरील कुत्रे दत्तक घेऊ इच्छिणाऱ्याने महापालिकेकडे अर्ज करायचा, त्या कुत्र्याला टॅग लावला जायचा आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी अर्जदाराची. हे योग्यच आहे. मात्र फुकट कुत्रे घेणाऱ्यावर जी जबाबदारी येते, ती हजारो रुपये मोजून पिल्लू घेणाऱ्यावर आणि ते विकणाऱ्यावरही तितक्याच काटेकोरपणे यायला हवी.

त्यासाठी नवा कायदा येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. नोंदणीकृत पैदासकारांची जिल्हावार यादी मंडळाने प्रसिद्ध करावी. महापालिकांनी श्वान परवान्याचा अर्ज घेताना रेबीजच्या लसीच्या दाखल्याबरोबर कुत्रे कोठून आणले हेही विचारावे आणि पैदासकाराचा नोंदणी क्रमांक किंवा संस्थेचे दत्तकपत्र जोडायला लावावे. आमच्या इमारतीतील तो तरुण आता दुसरे पिल्लू शोधतो आहे. तो क्रमांक अर्जावर लिहावा लागणार हे आधी ठाऊक असेल, तर पैसे देण्यापूर्वी तो विचारून तरी घेईल.

– एक श्वानपालक, पुणे