लाल गाडी विकली

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

लाल गाडी, माझी ती स्पोर्ट्स बाइक, विकली. फोनवर सांगितलं असतं तर आईने आधी देवापुढे साखर ठेवली असती, आणि बाबा, तुम्ही ‘आता चारचाकी घे’ म्हणून विषय मिटवला असता. म्हणून लिहितेय. दुचाकीच घेतेय, पण क्रूझर, म्हणजे खाली सीट असलेली, सरळ बसून चालवायची.

मागच्या खेपेला पुण्याहून येताना खंबाटकी चढून आले आणि दोन्ही करंगळ्या बधिर. सुरूर फाट्यावर थांबले तर हेल्मेटचा पट्टा सुटेना. शेवटी चहावाल्या मावशींनी सोडला, वर ‘काय गं, पोरी, थंडी वाजतीय का?’ असंही विचारलं. मे महिना होता. उशीर ट्रॅफिकमुळे झाला, असं घरी सांगितलं ते खोटं होतं.

त्या स्पोर्ट्स गाड्यांचं हँडल खाली आणि पाय मागे दुमडलेले. शंभरच्या पुढे समोरचा वारा छातीला टेकू देतो, तेव्हा ती बैठक सोसते. आपण येणार सत्तर-ऐंशीने, म्हणजे सगळा भार तळहातांवर. पंचविशीत हे कळलं नाही. आता अडतिसाव्या वर्षी मान सांगते.

तीन गाड्या चालवून बघितल्या. बजाजच्या अॅव्हेंजरची सीट सगळ्यात खाली, ७३७ मिलिमीटर, पण माझे पाय फारच पुढे जातात. पाय पुढे असले की खड्ड्यात पायांवर उठता येत नाही, दणका थेट माकडहाडाला. होंडाच्या सीबी ३५० वर माझ्या टाचा अधांतरी. रॉयल एनफिल्डच्या मीटिऑर ३५० ची सीट ७६५, पाय थोडेच पुढे, दोन्ही तळवे जमिनीला. तीच ठरवली. बाबा, तुम्ही अॅव्हरेज विचाराल, त्याआधी ओढ सांगते: २७ न्यूटन-मीटर, तीही चार हजार आरपीएमला. लाल गाडी साडेआठ हजार आरपीएमला किंचाळायची तेव्हा कुठे जोर यायचा. हिला घाटात सारखे गिअर पाडावे लागत नाहीत. तुमच्या एम-८० वर यवतेश्वरच्या चढाला मी उतरून चालायचे, आठवतं?

वजन मात्र १९१ किलो. आपल्या बोळात उताराकडे तोंड करून लावली तर मागे ओढायला शेजारचे दोघे लागतील, तेव्हा वळवूनच लावणार. आणि हिला वळणावर फार झोपवायचं नाही, फूटरेस्ट रस्त्याला घासतो. वेग वळणाच्या आधीच कमी. इतक्या वर्षांची सवय मोडायचीय, म्हणून पहिला महिनाभर रात्रीची येणार नाही. शपथ.

आई, लाल गाडीवर तू एकदाच बसलीस, समर्थ मंदिरापर्यंत, आणि तिथून चालत परत आलीस. मागची सीट पाटाएवढी, तीही उंचावर, तुझी चूक नव्हती. हिची रुंद आहे, पाठ टेकायलाही आहे. पावसाळा सरला की पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली उतरून चिपळूणला मावशीकडे जाऊ. तासातासाला थांबू. गुडघ्याची पट्टी मात्र घालायची.

शनिवारी येते. बाबा, तुमची स्कूटर तुळशीजवळून जरा भिंतीकडे सरकवून ठेवा. हिचं हँडल रुंद आहे, आणि वृंदावनाचा कोपरा मी आधीच एकदा उडवलाय.

तुमची,
चिंगी