चप्पल निसटते तेव्हा

महोदय,

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात माळकरी घरे पुष्कळ आहेत, आमचेही त्यांतलेच. चालताना सासूबाईंच्या पायातली चप्पल निसटे आणि त्यांना ते कळतही नसे. पायांच्या मुंग्या, थकवा हे सारे वयावर ढकलून आम्ही वर्ष दवडले, आणि शेवटी रक्ततपासणीत जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता निघाली. रक्तपेशी घडवणारे व मज्जातंतूंचे आवरण राखणारे हे जीवनसत्त्व भाजी-भाकरीत नसते. शाकाहाऱ्यांना ते मुख्यतः दूध-दह्यातूनच मिळते, शिवाय उतारवयात किंवा मधुमेहावरील मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास त्याचे शोषणही घटू शकते. रोजची गरज जेमतेम २ ते २.५ मायक्रोग्रॅम, पण उपचार लांबल्यास मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. तालुका रुग्णालयांत साखरेबरोबर ही तपासणीही ज्येष्ठांना मोफत मिळावी, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव